हलके तोंड

किटलीची लाकडी मूठ दोन वर्षांपूर्वी निखळून नुसती तार उरली होती आणि तेव्हापासून ती फडक्याने धरायची हा घरातला नियम होता. त्या सकाळी मास्तरांनी ती उघड्या हाताने उचलली, दोन कप भरले आणि तशीच हातात धरून ते खिडकीबाहेर बघत उभे राहिले. समोरच्या गच्चीवर कुणीतरी गादी कठड्यावर टाकू पाहत होते. गादी मोठी होती, माणूस लहान, आणि गादी सारखी त्याच्याच अंगावर परत येत होती.

"अहो, हात," मागून बायको म्हणाली.

मास्तरांनी वळून पाहिले.

"माझ्याकडे काय बघताय? हाताकडे बघा."

तिने पुढे होऊन फडक्याने किटली काढून घेतली. तर्जनी आणि मधले बोट, दोन्हींच्या आतल्या बाजूने तारेची पांढरी रेघ उमटली होती, पट्टीने आखल्यासारखी सरळ. दुखत नव्हते. बायकोने त्यांचे मनगट धरून हात नळाखाली ढकलला. मास्तर पाणी पडताना बघत होते, त्याचा आवाज ऐकत होते, पण त्यांच्यापुरते ते पाणी मनगटापाशी सुरू होत होते. त्याच्या पुढे हात नुसता दिसत होता.

"लक्ष कुठे असतं तुमचं? त्या घोड्यात?"

"हो."

"मग घोड्यालाच सांगा मलम लावायला," असे म्हणत ती मलम शोधायला गेली. मास्तरांनी नळ बंद केला आणि अंगठ्याने ती रेघ दाबून पाहिली. अंगठा दाबतो आहे हे दिसत होते. काल संध्याकाळी ते मॅनेजरला म्हणाले होते, जावई आता दोन बोटांत येतो. म्हणताना त्यांनी हीच दोन बोटे वर करून दाखवली होती.

शहराच्या कडेला, गोदामांच्या रांगेमागे, एक राइडिंग स्कूल होते आणि तिथे मास्तर एकतीस वर्षे घोडे आणि माणसे शिकवत आले होते. माणसे बडबड करत शिकतात आणि घोडे न करता, एवढाच त्यांच्या मते दोघांत फरक. जावई म्हणजे शर्यतीतून काढलेला सात वर्षांचा गडद तपकिरी घोडा. शर्यतीत त्याला चार शब्दांचे भारदस्त नाव होते. इथे आल्याच्या पहिल्याच दिवशी त्याने पाण्याची बादली लाथाडली, शेजारच्या घोडीचे गवत ओढून खाल्ले आणि मोतद्दार अंग घासायला गेला तेव्हा त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला. "जावई आलाय," मोतद्दार म्हणाला, "मानपान सांभाळा." नाव चिकटले. मॅनेजरने पाच आठवडे दिले होते. एखाद्या शिकाऊ माणसाला पाठीवर घेऊन तो मोकळ्या मैदानात पळाला आणि सांगितल्यावर थांबला, तर राहील. नाहीतर ज्या व्यापाऱ्याने आणला तोच गाडी पाठवून घेऊन जाईल. तिथून पुढे असे घोडे कुठे जातात हे मॅनेजरने सांगितले नाही आणि मास्तरांनी विचारले नाही. दोघांनाही ठाऊक होते. पाच आठवडे आज संपत होते. नऊ वाजता शिकाऊंपैकी दातांच्या डॉक्टरीणबाई यायच्या होत्या, आणि कालच्या त्या दोन बोटांच्या भरवशावर मॅनेजरने त्यांना जावयावर बसवायचे ठरवले होते.

बसमध्ये मास्तर उभेच राहिले. वरची कडी धरली की बाकीच्यांच्या बोटांची पेरे पांढरी होतात, ती ते बघत होते. स्वतःचीही बघत होते. खिशात किल्ल्या होत्या. त्यांनी हात खिशात घातला आणि किल्ल्या शोधल्या, आणि त्या सापडल्या हे त्यांना त्यांच्या खळखळण्यावरून कळले. घराची कुठली आणि खोगीर ठेवायच्या खोलीची कुठली, हे त्यांना नेहमी न बघता कळत असे. शेवटचे कधी कळले होते, ते आठवेना. आठवेना म्हणजे असे, की ते कळत होते तेव्हा त्याची नोंद घेण्यासारखे काही नव्हते, आणि कळेनासे झाले तेव्हाही नव्हते. आपण गेले वर्षभर कुलुपापाशी किल्ल्या डोळ्यांसमोर धरून बघत आलो आहोत, हे मात्र त्यांना आता लख्ख दिसले. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असे ते बायकोला म्हणाले होते. नंबर वाढला नव्हता.

त्या खोलीच्या भिंतीवर अकरा खिळ्यांना अकरा बिटे टांगलेली असत. घोड्याच्या तोंडात बसते ती लोखंडी कडी, तिला सगळे बिट म्हणत. पुढचे दात संपल्यावर दाढा सुरू होईपर्यंत घोड्याच्या हिरडीत एक मोकळी जागा असते, तिथे ते बसते. आणि एका टोकाला ती हिरडी आणि दुसऱ्या टोकाला माणसाची बोटे, असा सगळा संसार लगामाच्या चामड्याच्या पट्ट्यावर चालतो. जावयासाठी बिट निवडायचे ठरले त्या दिवशी मॅनेजर स्वतः खोलीत आला होता. त्याने सरळ नववा खिळा दाखवला. त्यावर दोन बाजूंना वीतभर दांड्या आणि हनुवटीखालून साखळी असलेले बिट होते. दांडी ओढली की साखळी आवळते आणि जबडा मध्ये सापडतो. "एवढा ताकदीचा घोडा," मॅनेजर म्हणाला, "आणि बसणार कोण, तर आपले शनिवार-रविवारवाले." मास्तरांनी त्याला समजावले होते. शर्यतीत लगाम ताणला की घोड्याला कळते, आता पळायचे. स्वार मागे रेलतो, घोडा पुढे रेलतो आणि दोघे एकमेकांवर तोलून सुसाट सुटतात. म्हणजे याला जितके ओढाल तितका हा पळणार, आणि तुम्ही म्हणणार आणखी कडक घाला. याला ओढण्याचा अर्थच नवा शिकवायला हवा. "कसा?" मॅनेजरने विचारले. "सोडून," मास्तर म्हणाले. त्यांनी दुसऱ्या खिळ्यावरचे, दोन सांध्यांचे, मधे गुळगुळीत बदामाएवढा तुकडा असलेले बिट काढले, खमिसात छातीशी धरून ऊबदार केले आणि मग जावयाच्या तोंडात घातले. मॅनेजर हसून गेला. "तुमच्या हाताला कळतं, तुम्ही बघा," असे जाता जाता म्हणाला.

हाताला कळते. मास्तरांच्या गुरूने त्यांना हेच एक शिकवले होते, बाकीचे त्यांनी ऐकून बघून घेतले. तो हाडकुळा, चिडका माणूस नव्या शिष्याला घोड्याजवळ फिरकू द्यायचा नाही. खुर्चीवर बसवायचा, हातात लगाम द्यायचा, डोळे मिटायला सांगायचा, आणि दुसरे टोक स्वतःच्या दातांत धरून समोर उकिडवा बसायचा. मग तो जीभ हलवायचा, आवंढा गिळायचा, जबडा किंचित सैल सोडायचा, आणि शिष्याने सांगायचे, आता काय झाले. चुकले की लगामाला हिसका देऊन शिवी हासडायचा, दातांत पट्टा असल्यामुळे ती शिवी धड ऐकूही यायची नाही. मास्तरांना अकराव्या दिवशी त्याचे आवंढे कळू लागले होते. तोंड सैल पडते त्या क्षणाला बोटे उघडायची, हीच शाबासकी, हेच गूळ-गाजर, त्याच्यापेक्षा अर्धा श्वास उशीर झाला तर घोडा भलतेच शिकतो. पाच आठवडे मास्तर हेच करत होते. बंदिस्त रिंगणात गोल, मग उलटा गोल, चाल, दुडकी, थांबा, पुन्हा चाल. दुसऱ्या आठवड्यापर्यंत हात भरून यायचे. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी जावई एकदम हलका झाला. लगामाच्या दुसऱ्या टोकाला काहीच नव्हते, जणू सुतळीला पतंग नाही, नुसती हवा आहे. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आले होते. इतका हलका घोडा त्यांना उभ्या जन्मात मिळाला नव्हता.

बसच्या दांडीला टेकून आता ते एकेक गोष्ट पुढे ओढून बघू लागले, आणि ज्या गोष्टी इतके दिवस सुट्या होत्या त्या स्वतःहून रांगेत उभ्या राहिल्या. खांदे दुखत होते. त्यांनी ते वयावर घातले. हातमोज्यांची शिवण चौथ्या आठवड्यात करंगळीपाशी उसवली. त्यांनी ते शिंप्यावर घातले. उजवा लगाम डाव्यापेक्षा बोटभर लांब झाला होता. चामडे जुने आहे, ताणते. जावई रिंगणात थांबत होता हे खरे, पण नेहमी कुंपणासमोर थांबत होता. आणि त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात मोतद्दार आठ दिवस पिवळे मलम लावत होता. मास्तरांनी विचारले तेव्हा तो म्हणाला, "माशी चावली असेल," आणि मास्तरांकडे न बघता बादली घेऊन निघून गेला. इतकी वर्षे चोख काम केलेला मोतद्दार माशी आणि बिट यांत गफलत करेल हे मास्तरांनी मानले होते, कारण ते मानणे सोयीचे होते.

सव्वाआठला ते पोचले. मोतद्दार जावयाचे खूर साफ करत होता. मास्तरांनी भिंतीवरचा एक रिकामा लगाम काढला, एक टोक त्याच्या हातात दिले, दुसरे आपण घेतले आणि बाकावर बसले.

"मी डोळे मिटतो. तू मधूनमधून ओढ. हळू, घोडा तोंड हलवतो तेवढंच. मी सांगतो."

"हे काय आता सकाळी सकाळी," मोतद्दार म्हणाला. "नऊला डॉक्टरीणबाई येतील."

"म्हणूनच."

मास्तरांनी डोळे मिटले. तबेल्यातला वास, जावयाचे चघळणे, कुठेतरी ट्रकचा मागे घेतानाचा आवाज. ते वाट बघत राहिले. बराच वेळ झाला. मग कोपराला काहीतरी जाणवले आणि ते म्हणाले, "आत्ता."

मास्तरांनी डोळे उघडले.

"मधे किती वेळा ओढलंस?"

"सोडा ना मास्तर."

"किती?"

"पाच-सहा." त्याने लगाम गुंडाळायला घेतला. "शेवटचा तर चांगला हिसका होता. म्हटलं, चिडाल."

"माशी चावली म्हणालास."

"मग काय म्हणू? तुम्ही एकतीस वर्षं सांगताय आणि आम्ही ऐकतोय. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुमचं काहीतरी चाललं असेल त्याच्याशी, आमच्या डोक्यावरून जाणारं."

मास्तर बाकावर बसून राहिले. आत काही कोसळले वगैरे नाही, उलट सगळे फार नीट दिसत होते, डॉक्टरच्या खोलीत दिवा लावल्यावर दिसते तसे. जावई हलका झाला नव्हता. त्या तिसऱ्या आठवड्यात उरलीसुरली बोटे गेली होती. घोडा पूर्वीइतकाच रेलून चालला होता आणि मास्तर पूर्वीइतकेच, कदाचित जास्तच, ओढत होते. दोघे एकमेकांवर तोलून रोज सकाळी तासभर गोल फिरत होते, आणि मास्तरांच्या डोळ्यांत पाणी येत होते. बोटे उघडायचा तो क्षण त्यांनी रोज चुकवला असणार. मग घोडा काय शिकला असेल? आणि हा एकच घोडा कशावरून? पांढऱ्या घोडीला त्यांनी गेल्या हिवाळ्यात हलकी म्हटले होते. तिच्यावरून एकजण पडला, त्याच्या खांद्याचे हाड मोडले, आणि मास्तर त्यालाच बोलले होते की तुझे हात दगडासारखे आहेत. तो बिचारा हो हो म्हणाला. गेल्या महिन्यात लेक आली होती, तिने तीन महिन्यांची नात त्यांच्या हातांत दिली आणि पोर टाहो फोडून रडली. "तुमची सवय नाही तिला, बाबा," असे म्हणत लेकीने घाईने तिला परत घेतले. मास्तरांना तिचे ते पुढे झालेले हात आठवले. सवयीसाठी कुणी इतकी घाई करत नाही. आपण किती घट्ट धरले होते? हे विचारायला आता फोन करता येणार नव्हता, असा फोन कुठल्या शब्दांनी सुरू करतात हे त्यांना माहीत नव्हते.

पावणेनऊला डॉक्टरीणबाई आल्या. चाळिशीच्या, दणकट, आठवड्यातून तीनदा न चुकता येणाऱ्या. "काय मास्तर, आज जावई आमच्या गळ्यात बांधताय ना?" असे त्या लांबूनच म्हणाल्या. मॅनेजरही खोलीतून बाहेर आला. मास्तर उठून उभे राहिले.

"आज नको," ते म्हणाले. "तो तयार नाही."

"काल तर तुम्हीच दोन बोटं दाखवलीत," मॅनेजर म्हणाला.

"त्या बोटांना कळत नाही."

मग त्यांनी हात पुढे केला आणि किटलीचे सांगितले. चार वाक्यांत सगळे संपले. एकतीस वर्षांना चार वाक्ये पुरतात याचे त्यांनाच नवल वाटले. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने हात हातात घेऊन ती रेघ बघितली.

"दुखतंय?"

"तेच तर सांगतोय."

"कधीपासून हे?"

"माहीत नाही."

"मी दातांची डॉक्टर, मास्तर, हातांची नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा थट्टेचा सूर गेला होता. "पण दाखवा कुणालातरी, आजच. आम्ही भूल देतो ना, तर पेशंट घरी जाऊन मजेत जेवतात. आणि संध्याकाळी येतात गाल चावून फोडून. त्यांना वाटतं, घास चावतोय."

मॅनेजर जावयाकडे बघत होता. "मला एक सांगा मास्तर," तो म्हणाला, "पहिल्याच दिवशी ते कडक बिट घातलं असतं, तर आज ही वेळ आली असती?"

या प्रश्नाची उत्तरे मास्तरांकडे तयार होती, तीसेक वर्षांची, घासून पुसून ठेवलेली. त्यांनी ती एकेक करून मनात काढली. प्रत्येक उत्तर 'हाताला कळते' इथून सुरू होत होते.

"उद्या गाडी येईल," मॅनेजर हळू आवाजात म्हणाला. "मी थांबवू शकत नाही, तुम्हाला माहीत आहे. आजच्या आज काहीतरी दाखवता आलं तर ठेवतो. बाई बसायला तयार आहेत. घालायचं का?"

नाही म्हणता आले असते. मास्तरांनी ते नाही तोंडात घोळवून बघितले. त्याच्या पुढच्या टोकाला उद्याची गाडी होती, आणि गाडीत चढताना जावई कसा उभा राहील तेही त्यांना दिसले. ते खोलीत गेले आणि नवव्या खिळ्यावरचे बिट काढले. मोतद्दार मागोमाग आला. "मी घालतो, मास्तर."

"नको. साखळीत पीळ राहिला तर हनुवटी कापेल."

पीळ आहे की नाही हे बोटे सांगणार नव्हती. मास्तरांनी साखळी खालच्या ओठावरून सावकाश फिरवली, एकेक कडी. ओठाला कळत होते. लोखंड गार होते आणि त्याची चव लहानपणी चाटलेल्या खिडकीच्या गजासारखी होती. सातव्या की आठव्या कडीला बारीक कंगोरा लागला; त्यांनी ती बाजू बाहेर येईल अशी साखळी फिरवली. मोतद्दार दारात उभा राहून हे बघत होता आणि मग बघेनासा झाला. जावयापुढे जाऊन मास्तरांनी बिट वर धरले. पहिल्या आठवड्यात हे तोंड उघडायला दोघे लागत, दहा मिनिटे लागत आणि मोतद्दाराच्या ठेवणीतल्या शिव्या लागत. आता जावयाने मान खाली आणली आणि आपणहून तोंड उघडले. पाच आठवड्यांत मास्तरांनी त्याला खरोखर शिकवलेली गोष्ट बहुधा एवढीच होती, की या माणसाच्या हातातले लोखंड ऊबदार असते. ते ऊबदार करायचे आज राहून गेले होते. लोखंड जिभेवर टेकले तसे जावयाचे कान एकदा मागे गेले आणि पुन्हा पुढे आले.

डॉक्टरीणबाईंना मास्तरांनी दोनच गोष्टी सांगितल्या. ओढायचे नाही. थांबवायचे असेल तेव्हा बोटे नुसती मिटायची. त्या मैदानात गेल्या, चालीवर एक फेरी, दुडकीवर एक, आणि मग लांबच्या बाजूला जावयाने शर्यतीचा वास आल्यासारखी मान लांब केली आणि तो सुटला. कुंपण नव्हते, पुढे नुसते गवत आणि त्यापलीकडे रस्ता. डॉक्टरीणबाईंनी बोटे मिटली. इतक्या लांबून बोटे दिसत नाहीत, पण घोडा दिसला. त्याचे तोंड क्षणभर वासले, हनुवटी छातीला जाऊन चिकटली, मागचे पाय पोटाखाली दुमडले आणि तो जागच्या जागी उभा राहिला. एवढा मोठा देह, घडी घातल्यासारखा. मग त्यांनी आणखी दोनदा पळवले आणि दोनदा थांबवले. तिसऱ्या वेळी त्यांनी बोटे मिटण्याआधीच तो थांबला.

"अहो, लोणी आहे नुसतं," त्या परत आल्यावर उतरता उतरता म्हणाल्या. चेहरा लाल झाला होता, खूष होत्या. "उगाच घाबरवलंत मला."

"झालं की," मॅनेजर म्हणाला. त्याचाही जीव भांड्यात पडला होता. "गाडीला नको म्हणून कळवतो. आणि मास्तर, तुम्ही कुठे जाणार नाही हं. बसू नका फक्त. खाली उभं राहून शिकवा, तोंडाने. तुमची नजर तर शाबूत आहे." आणि काहीतरी द्यावे, मान राखावा, अशा भावनेने त्याने लगाम घेऊन मास्तरांच्या हातात ठेवला. "बघा धरून. तुम्ही हो म्हणा, म्हणजे मी वहीत लिहितो."

मास्तर जावयापुढे उभे राहिले. घोडा घामेजला होता, ओठांच्या कोपऱ्यांत फेस होता, आणि डोळ्याची पांढरी कड दिसत होती. हा हलकेपणा नव्हता. भीतीने तोंड लोखंडापासून मागे ओढून घेतले की ते हाताला असेच लागते, रिकामे. आणि विश्वासाने सैल सोडले की तेही असेच, जवळजवळ असेच. त्या जवळजवळमध्ये काय असते हे ओळखणे हा मास्तरांचा धंदा होता. तो या मैदानात दुसऱ्या कुणाला येत नव्हता आणि आता त्यांनाही येत नव्हता, म्हणजे तो फरक इथून पुढे कुठेच नव्हता. त्यांनी लगाम बोटांत घेतला आणि गुरूच्या समोर बसत तसे डोळे मिटले. एखादा आवंढा, जिभेची एखादी हालचाल. ते थांबून राहिले. काही आले नाही. तिघेजण आपल्या शब्दासाठी खोळंबले आहेत हे त्यांना जाणवत होते, आणि शब्द एकच होता ज्याने उद्याची गाडी येणार नव्हती.

"हलका आहे," मास्तर म्हणाले.

समोर खूर घासल्याचा आवाज आला. मग पुन्हा एकदा, जरा मागे. जावई एकेक पाऊल मागे सरत होता.

"मास्तर," मोतद्दार अगदी जवळ येऊन हळूच म्हणाला, "ओढताय तुम्ही."